डाख दिलेली चिप : लॅपटॉपचे ग्राफिक्स वाढवता येते का?

गेल्या वर्षी मे महिन्यात मिरजेहून भाच्याचा फोन आला. “मामा, लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकून घेतोय. दुकानदार पंधरा हजार म्हणतोय, दोन हजार आगाऊ द्यायचेत. आई भिशीचे पैसे द्यायला तयार आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही म्हणते.”

माझी बहीण शिवणकाम करते. पंधरा हजार रुपये म्हणजे तिच्या दृष्टीने लग्नसराईतल्या दोन महिन्यांची कमाई. मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास हा माझा नाद; रेडिओ, घड्याळे, शिलाई मशीन, तेलाची इंजिने यांच्यावर आजवर जे काही लिहिले ते कारागिरांच्या शेजारी बसून आणि मिळेल ते वाचून. त्यामुळे ‘टाक’ किंवा ‘टाकू नको’ असे तडकाफडकी सांगणे मला जमले नाही. “आठ दिवस थांब,” एवढेच म्हणालो. त्या आठ दिवसांचे पुढे वर्ष झाले. लॅपटॉपचे ग्राफिक्स बदलता येते का, हा प्रश्न दिसतो तेवढा पोरांच्या खेळापुरता नाही. विकत घेतलेली वस्तू कितपत आपली असते, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

चित्र काढणारी चिप

आधी हे ग्राफिक्स म्हणजे काय ते पाहू. लॅपटॉपचा नेहमीचा पडदा आडवा १९२० आणि उभा १०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. खेळ डोळ्यांना सलग वाटायचा असेल तर अशी चित्रे सेकंदाला ६० लागतात. म्हणजे दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचा रंग ठरवायचा. तोही साधा नाही. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, भिंतीचा पोत कसा, धुके किती, हे सगळे मांडून. आणि एका चित्राला वेळ मिळतो सेकंदाच्या साठाव्या भागाइतका.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण त्याचे हात मोजके. चार, आठ, सोळा. अंगणभर ठिपक्यांची रांगोळी एकट्या निष्णात बाईने भरायची म्हटली तर रात्र सरेल; गल्लीतली शंभर पोरे बसवली आणि प्रत्येकाला चार-चार ठिपके वाटून दिले तर अर्ध्या तासात काम होईल. पोरांना फार अक्कल लागत नाही, संख्या लागते. ग्राफिक्स चिप ही अशा हजारो साध्या हातांची फौज आहे.

ही फौज आधी आली ती टेबलावरच्या संगणकात. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीचे ‘वूडू’ कार्ड बाजारात आले. ते फक्त त्रिमितीय चित्रांचे काम करी. साध्या चित्रासाठी संगणकात दुसरे कार्ड असावेच लागे आणि दोन्ही एका बाहेरच्या तारेने जोडावी लागत. १९९९ मध्ये एन्व्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ आणले आणि ‘जीपीयू’ हा शब्द जाहिरातीतून लोकांच्या तोंडी बसवला. त्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन कार्ड आणायचे, घरी डबा उघडून जुने काढायचे, नवे खाचेत दाबून बसवायचे, एक स्क्रू आवळायचा, की संगणक जणू नवा. टेबलावरच्या संगणकात आजही तसेच आहे. भाच्याच्या डोक्यात आणि कदाचित दुकानदाराच्या बोलण्यात हेच चित्र होते.

लॅपटॉपच्या पोटात

लॅपटॉप उघडून पाहिल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की तिथे खाचच नाही. भाच्याचा लॅपटॉप २०२१ मध्ये घेतलेला, इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरचा. त्यात ग्राफिक्स आहे, पण ते प्रोसेसरच्याच चिपमध्ये एका कोपऱ्यात राहते. त्याला स्वतःची स्मरणशक्ती नाही. मुख्य रॅममधून उसनी घेऊन ते काम भागवते. अशा लॅपटॉपच्या मदरबोर्डवर वेगळ्या ग्राफिक्स चिपसाठी जागा, तिला वीज पुरवणारे घटक, तिची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी, यांपैकी काहीही नसते. जिथे मोरीच बांधलेली नाही तिथे नळ बसवायला सांगण्यासारखे हे आहे.

मग ‘गेमिंग लॅपटॉप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांचे काय? त्यांत वेगळी चिप असते, पण तीही जवळजवळ नेहमी बोर्डाला डाख देऊन पक्की केलेली. चिपच्या पोटाखाली कथिलाच्या बारीक गोळ्यांच्या रांगा असतात, अनेकदा हजाराहून अधिक. गरम हवेने सगळ्या गोळ्या एकदम वितळवून ती चिप बोर्डावर बसवतात. कुशल कारागीर, योग्य यंत्र असेल तर ती उतरवून तशीच दुसरी बसवतो. बिघडलेल्या लॅपटॉपची अशी दुरुस्ती आपल्याकडे होते. पण ‘तशीच दुसरी’ हे शब्द महत्त्वाचे. अधिक ताकदीची चिप बसवायची तर तिच्या गोळ्यांची मांडणी वेगळी, तिच्याभोवतीची स्मरणशक्ती वेगळी, तिला लागणारी वीज वेगळी, आणि तिला ओळखणारे बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअरही वेगळे.

मी दुकानदाराला फोन करून एकच प्रश्न विचारला : “कार्ड नेमके कुठे बसवणार?” त्याने आधी विषय बदलला, नंतर “साहेब, करून देतो, तुम्ही मशीन घेऊन या,” म्हणाला. दोन हजार आगाऊ द्यायचे नाहीत, हे तिथेच ठरले.

खाच होती, ती गेली कुठे?

लॅपटॉपमध्ये बदलता येणारे कार्ड कधी नव्हतेच असे मात्र नाही. २००४ मध्ये एन्व्हिडियाच्या पुढाकाराने ‘एमएक्सएम’ नावाचे प्रमाण पुढे आले. तळहाताएवढे छोटे ग्राफिक्स कार्ड, लॅपटॉपच्या आत ठरावीक खाच, आणि कल्पना अशी की कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ते बसावे. जाडजूड गेमिंग लॅपटॉप आणि अभियंत्यांसाठीची महागडी यंत्रे यांत ते वापरलेही गेले.

पण कागदावरचे प्रमाण आणि बाजारातली वस्तू यांत अंतर पडले. खाच एक असली तरी प्रत्येक कंपनीची उष्णतावाहक नळी आणि पंखा वेगळ्या आकाराचा. नवे कार्ड खाचेत बसे, पण त्यावर जुनी नळी टेकत नसे. काही कंपन्यांचे सॉफ्टवेअर अनोळखी कार्ड दिसले की यंत्र सुरूच होऊ देत नसे. सुटी कार्डे किरकोळ बाजारात सहज मिळत नसत आणि मिळाली तर महाग. शिवाय हवा बदलत होती. २००८ च्या जानेवारीत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी व्यासपीठावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, आणि लॅपटॉपची किंमत त्याच्या जाडीवरून ठरू लागली. खाच म्हणजे उंची. चिप थेट बोर्डाला डाखली की काही मिलिमीटर वाचतात, एक जोड कमी होतो, कारखान्यातला खर्चही उतरतो. बारीक यंत्र ग्राहकालाही हवे होते. दोष केवळ कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही.

मध्येच एखादी कंपनी उलट दिशेने जाऊन पाहते. २०१९ मध्ये डेलच्या एलियनवेअर शाखेने ‘एरिया-५१एम’ हा लॅपटॉप आणला. त्याचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स बदलता येईल, हाच त्याच्या जाहिरातीचा गाभा होता. मात्र ग्राफिक्सच्या कार्डाचा आकार डेलचा स्वतःचा होता. पुढची पिढी आली तेव्हा ती या यंत्रात बसेना, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत ग्राहक न्यायालयात गेले. खाच असून उपयोग नाही, त्या खाचेत बसणारी वस्तू पुढेही कुणीतरी बनवत राहावी लागते, हा त्याचा धडा.

अलीकडचे उदाहरण अधिक आशादायक आहे. निरव पटेल यांच्या फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने ‘लॅपटॉप १६’ हे यंत्र २०२४ च्या सुरुवातीला ग्राहकांच्या हाती दिले. त्याच्या मागच्या बाजूला एक कप्पा आहे. ग्राफिक्स चिप, तिची वीज आणि तिचे पंखे असा सगळा संच त्या कप्प्यासह काढता-घालता येतो. सुरुवातीला त्यात एएमडीची ‘रेडिऑन ७७००एस’ होती. २०२५ मध्ये कंपनीने एन्व्हिडियाच्या ‘आरटीएक्स ५०७०’ चा संच जाहीर केला आणि तो जुन्या यंत्रातही बसतो. तंत्राने अशक्य काही नव्हते, हे यातून सिद्ध होते. किंमत मात्र हौशी माणसाने मोजावी अशी आहे.

बाहेरून जोडलेले इंजिन

आत जागा नसेल तर कार्ड बाहेर ठेवून तारेने जोडावे, हा दुसरा मार्ग. येथे अडचण येते ती रस्त्याच्या रुंदीची. टेबलावरच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरशी १६ मार्गिकांनी जोडलेले असते. ‘पीसीआय एक्स्प्रेस’ या रस्त्याच्या तिसऱ्या पिढीत एका मार्गिकेवरून सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट माल जातो. म्हणजे एकूण सुमारे १६ गिगाबाइट.

जुन्या लॅपटॉपमध्ये हौशी लोक वायफायचे कार्ड काढून त्याच्या छोट्या खाचेतून तार बाहेर आणत. तिथे मार्गिका एकच. २०१५ मध्ये इंटेलचे थंडरबोल्ट ३ आले. त्याचा वेग सेकंदाला ४० गिगाबिट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे कागदावर ५ गिगाबाइट. पण त्यातून ग्राफिक्ससाठी जास्तीत जास्त चारच मार्गिका मिळतात आणि प्रत्यक्ष हाती येतो त्याहूनही कमी वेग. तरी खेळ चालतात, कारण एकदा भिंती-झाडांचा माल कार्डाच्या स्वतःच्या स्मरणशक्तीत पोचला की दर चित्राला सगळा माल पुन्हा न्यावा लागत नाही. तेच कार्ड टेबलावरच्या संगणकात जे काम देते त्यापेक्षा येथे कमी देते, आणि बाहेरचा पडदा न लावता चित्र परत लॅपटॉपच्याच पडद्यावर आणले तर आणखी कमी, कारण तयार चित्रेही त्याच अरुंद वाटेने परत यायची. त्यानंतर आलेले ऑक्युलिंक हे जोडणीचे प्रमाण चौथ्या पिढीच्या चार मार्गिका थेट देते, म्हणजे सेकंदाला ६४ गिगाबिट. थंडरबोल्ट ५ दोन्ही दिशांना ८० गिगाबिटपर्यंत जाते. पण ही दारे स्वस्त लॅपटॉपवर क्वचितच असतात.

भाच्याच्या लॅपटॉपवर यूएसबी-सीचे भोक होते आणि तो त्यावरच आशा ठेवून होता. भोकाचा आकार सारखा असला तरी आतला रस्ता सारखा नसतो. त्याच्या भोकाशेजारी विजेच्या बाणाचे चिन्ह नव्हते. कंपनीच्या माहितीपत्रकातही थंडरबोल्टचा उल्लेख नव्हता. त्याच्या प्रोसेसरला ते जमले असते, पण लॅपटॉप बनवणाऱ्याने ते दार बांधले नव्हते. शिवाय हिशेब मांडला तर बाहेरचा डबा, त्याचा वीजपुरवठा, कार्ड आणि पडदा मिळून जुना टेबलावरचा संगणक आला असता.

या मार्गालाही राजाश्रयाचे चढउतार आहेतच. ॲपलने २०१८ मध्ये आपल्या मॅकवर बाहेरच्या ग्राफिक्सला अधिकृत मान्यता दिली. २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप आणली, तिच्यात ती सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी घेतलेला डबा नव्या मॅकला जोडायचा तर उपयोग शून्य.

नावात काय असते

“मग हा विकून नवा गेमिंग लॅपटॉपच घेऊ,” भाचा म्हणाला. तिथे आणखी एक खोच आहे. चिपचे नाव आणि ताकद यांचे नाते लॅपटॉपमध्ये सैल असते. एन्व्हिडियाची ‘आरटीएक्स ४०९०’ टेबलावरच्या संगणकात १६,३८४ गणनकेंद्रांची, २४ गिगाबाइट स्मरणशक्तीची आणि ४५० वॅट वीज खाणारी आहे. त्याच आकड्याची लॅपटॉपमधली चिप मुळात वेगळी : ९,७२८ गणनकेंद्रे, १६ गिगाबाइट. ‘आरटीएक्स ४०६०’ लॅपटॉपमध्ये ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे. म्हणजे दोन लॅपटॉपवर एकच चिकटपट्टी, आणि एकातले इंजिन निम्म्याहूनही कमी इंधनावर. खरेदी करताना चिपच्या नावाबरोबर ‘किती वॅट’ हे विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे.

अठराशे रुपयांची पट्टी

शेवटी आम्ही काय केले? भाच्याच्या लॅपटॉपमध्ये रॅमची ८ गिगाबाइटची एकच पट्टी होती आणि शेजारची खाच रिकामी होती. वर म्हटले तसे त्याचे ग्राफिक्स मुख्य रॅमवरच जगते. त्याच्या प्रकारची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माल देते. दोन पट्ट्या जोडीने बसवल्या की ५१.२. वेगळ्या चिपच्या मानाने हे काहीच नाही, लॅपटॉपमधली ‘आरटीएक्स ३०६०’ ३३६ देते. पण दुप्पट ते दुप्पट. गंमत म्हणजे या पिढीत इंटेलने नावही त्यावर ठरवले आहे : एकच पट्टी असेल तर संगणक आपले ग्राफिक्स ‘यूएचडी’ म्हणून सांगतो, दोन झाल्या की तेच ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’ होते. आम्ही तेव्हाच्या भावाने अठराशे रुपयांची तशीच पट्टी आणून बसवली. संगणक सुरू केला, आणि नाव बदललेले दिसले. भाचा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होता.

दुसरे काम सफाईचे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून त्या चिपच्या वाट्याला १२ ते २८ वॅट येतात. ती तापली की स्वतःच वेग कमी करते. पंख्यात चार वर्षांचा धुरळा होता, त्यात आईच्या शिवणकामाचे बारीक तंतू. ते काढले, चिपवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला. तिसरे, खेळातले चित्र लहान केले. १२८० बाय ७२० या मापात ठिपके ९,२१,६०० होतात, म्हणजे पूर्ण मापाच्या ४४ टक्के. लहान चित्र काढून ते हुशारीने मोठे करून दाखवण्याच्या युक्त्याही आहेत; एएमडीची ‘एफएसआर’ ही २०२१ मध्ये आलेली युक्ती प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या चिपवरही चालते. ज्या खेळात तिची सोय असेल तिथे ती लावावी. लॅपटॉप चार्जरवर चालवावा आणि त्याखाली हवा खेळेल असे काही ठेवावे, पांघरुणावर ठेवू नये.

एवढ्यावर ‘जीटीए फाइव्ह’, जो संगणकावर २०१५ मध्ये आला, तो व्यवस्थित चालू लागला. पूर्वी सेकंदाला वीस चित्रांवर अडखळत होता, तो लहान मापात चाळिशी ओलांडून गेला. ‘एल्डन रिंग’ मात्र नाही. २०२२ चा तो खेळ किमान १२ गिगाबाइट रॅम मागतो, ती आता होती. पण ग्राफिक्सही ‘जीटीएक्स १०६०’ इतके मागतो, ते नव्हते आणि होणारही नव्हते. हे त्याला स्पष्ट सांगितले. तो नाराज झाला. वर्षभर सुट्टीत काम करून तो आता जुना टेबलावरचा संगणक जमवतो आहे; खाच असलेला.

बहिणीचे मशीन

त्या दिवशी आम्ही लॅपटॉप उघडून बसलो होतो तेव्हा शेजारी बहिणीचे मशीन चालू होते. ते आमच्या आईचे. त्याचा पायडल गेला आणि मोटर आली, पट्टा कितीदा बदलला, शटल दोनदा, सुया तर असंख्य. प्रत्येक भाग मिरजेच्या बाजारात मिळतो आणि बसवणारा माणूसही मिळतो. पन्नास वर्षांत ते मशीन जवळजवळ सगळे बदलले, तरी आईचेच आहे.

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर ‘दुरुस्त होण्याची पात्रता’ दहापैकी गुणांनी छापावी लागते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. ग्राफिक्स चिप सगळ्याच लॅपटॉपमध्ये बदलता यावी, असा हट्ट मी धरणार नाही. बारीक आणि हलक्या यंत्राची ती रास्त किंमत असू शकते. पण ती किंमत आधी कळली पाहिजे. खोक्यावर वॅट लिहिलेले असावेत, भोकामागे कोणता रस्ता आहे ते लिहिलेले असावे, कोणता भाग डाखलेला आणि कोणता सुटा ते लिहिलेले असावे. एवढे झाले तरी भिशीचे पैसे घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला कुणा मामाला फोन करावा लागणार नाही.

बहिणीने पट्टीचे अठराशे दिले आणि उरलेल्या पैशांतून आधी मशीनची मोटर बदलून घेतली.